रेवस–रेड्डी सागरी मार्गाने सायकलप्रवास : आधी तंबू की आधी गिअर?

खाडीकाठ : डिसेंबरात अलिबागहून पणजीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, दहा दिवसांत, सायकलने जाण्याचा माझा व धाकट्या भावाचा बेत आहे. दोघांच्याही सायकली हायब्रिड (डांबरी रस्ता व कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या) असून पुढे ४२ दात्यांचे एकच चेनरिंग (पायडलजवळचे दातेरी चक्र) आहे, तर मागे सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे आहे. माणशी पंचवीस हजारांच्या अंदाजपत्रकातील निम्मी रक्कम तंबू आणि स्लीपिंग बॅगमध्येच जात आहे. सामान पाठीवरच्या सॅकमध्ये घेतले तर चालेल काय?

जुनी साखळी : सॅक नको, दुसऱ्याच दिवशी खांदे आणि बैठक दोन्ही बोलू लागतील. त्याऐवजी मागे मजबूत कॅरिअर व दोन पॅनियर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या) लावावेत आणि जड वस्तू तळाशी ठेवाव्यात. मात्र पहिला खर्च गिअरवर करावा. हा रस्ता किनाऱ्याचा असला तरी सपाट नाही. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा प्रत्येक फेरीबोटीतून उतरले की खाडीच्या पातळीवरून पुन्हा वर चढावे लागते. ४२ला २८ या जोडीवर मिनिटाला साठ वेळा पायडल फिरवायचे तर ताशी सुमारे बारा किलोमीटरचा वेग राखावा लागतो, आणि पंधरा किलो सामानासह तीव्र चढावर तो राखता येत नाही. पुढे २६ व मागे ३४ असतील तर तेवढ्याच पायडलिंगमध्ये सहाच्या वेगाने, बसूनच, वर जाता येते. बदल करण्यापूर्वी आपला डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ३४ दाते पेलतो का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. ब्रेकपॅडची एक जादा जोडीही असू द्यावी, कारण जेट्टीकडचे उतार तितकेच तीव्र आहेत.

सड्यावरचा : वरील मताशी सहमत आहे, पण तंबू अगदीच गौण मानू नये. जांभ्याच्या कातळात खुंटी शिरत नाही, म्हणून स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबूच घ्यावा. तो दुपदरी असावा. डिसेंबरात पहाटे दव इतके पडते की एकपदरी तंबू आतून ओला होतो. ग्रामस्थांना विचारून देवळाच्या ओवरीत मुक्काम केला तरी डासांसाठी आतली जाळी उपयोगी पडते. स्लीपिंग बॅगेऐवजी जाड चादर पुरेल. स्टोव्ह घरीच ठेवावा. खानावळीतील मासळीचे ताट सोडून नूडल्स उकळण्याचे कारण मला तरी आजवर सापडलेले नाही.

जुनी साखळी : एक राहिले. ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रेस्टा (काही सायकलींना असणारा बारीक व्हॉल्व्ह) असेल तर अडॅप्टर न विसरता घ्यावा, कारण गावातील पंक्चरवाल्याचा पंप मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचा असतो. पुळणीवर सायकल चालवण्याचा मोहही टाळावा. खारे पाणी बेअरिंगमध्ये शिरते. साखळी मात्र रोज संध्याकाळी पुसून तिला तेल द्यावे.

खाडीकाठ : आभारी आहे. दोघांत मिळून एकच दुपदरी तंबू घेतो आणि उरलेल्या पैशांतून दोन्ही सायकलींचे गिअर बदलतो. काठ्या माझ्या पॅनियरमध्ये, कापड भावाच्या; त्याला हे अजून सांगायचे आहे.