टॅबवर हाताने लिहायचंय, बजेट १५ हजार. काय घेऊ?

बेंझीनवाली
नमस्कार मंडळी. मी बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कराडला हॉस्टेलवर राहते. आत्तापर्यंत फोनवरच पीडीएफ वाचत आले, पण फार्माकॉलॉजीचं जाडजूड पुस्तक त्या स्क्रीनवर वाचायचं म्हणजे प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं. झेरॉक्सला पैसे जातात ते वेगळेच. बाबा १० हजार देतायत, सुट्टीत मेडिकलमध्ये काम केलं त्यातले ५ माझे. म्हणजे १५, फार ओढूनताणून १६.

काम एवढंच: पीडीएफ वाचणं, त्यावरच खुणा करणं आणि ऑरगॅनिकच्या रचना हाताने काढणं. गेम खेळत नाही. दुकानदार म्हणाला, "कुठलाही टॅब घ्या, पेन सगळ्यांवर चालतो." खरंय का हे? घरातला हा पहिलाच टॅब, विचारायला दुसरं कुणी नाही.

खटपट्या
टॅब म्हणजे मोठा फोन. त्यापेक्षा कंपन्यांतून निघालेले जुने थिंकपॅड मिळतात, १८-२० हजारांत धडधाकट येतो. थोडं थांब, पैसे साठव, लॅपटॉप घे. प्रोजेक्टच्या वेळी लागणारच आहे.

बेंझीनवाली
दादा, प्रोजेक्ट शेवटच्या वर्षाला, आणि टायपिंगला कॉलेजची लॅब आहे. लॅपटॉपवर माउसने बेंझीन काढून बघितलंय, षटकोनाचा बटाटा होतो.

मात्रा_अनुपान
बटाटा 😄 मी एम. फार्म. करतेय, त्यामुळे दुखणं ओळखीचं आहे. जरा सविस्तर लिहिते.

दुकानदार अर्धंच बोलला. रबरी टोकाचा दीड-दोनशेचा पेन कुठल्याही टचस्क्रीनवर चालतो, कारण स्क्रीनच्या लेखी तो पेन नसतोच, बोट असतं. तू लिहिताना तळहात टेकवलास की तेही तिला बोटच वाटतं. मग पान सरकतं, भलतीकडे रेघ उमटते आणि तू हात अधांतरी धरून लिहायला लागतेस. शिवाय टोक जाड असल्यामुळे बाँड नेमका कुठल्या कार्बनवर टेकतोय तेच दिसत नाही. आपल्या विषयात तर सगळी मेख तिथेच आहे. बेंझीनच्या कड्यावरच्या मेटा आणि पॅरा या जागांत एका शिरोबिंदूचा फरक!

खरा पेन चालायला टॅबमध्येच त्याची सोय असावी लागते. सॅमसंगच्या एस पेनसाठी स्क्रीनखाली वेगळा थर असतो, पेनला वीज त्या थरातूनच मिळते, म्हणून तो चार्ज करावा लागत नाही. इतर कंपन्यांच्या पेनात सहसा स्वतःची बॅटरी असते आणि तो ठरावीक मॉडेललाच चालतो. ही सोय नंतर ॲप टाकून आणता येत नाही. म्हणून रॅम, कॅमेरा, प्रोसेसर सगळं बाजूला ठेव आणि आधी विचार, "या टॅबचा कंपनीचा स्वतःचा पेन कोणता?" उत्तर आलं नाही तर पुढचा टॅब बघ.

या चाळणीतून तुझ्या बजेटमधले बहुतेक नवे टॅब गळतात. गॅलॅक्सी टॅब ए९ आणि ए९ प्लसवर एस पेन चालत नाही, नुसतं सॅमसंग नाव बघून फसू नकोस. रेडमी पॅड एसई वाचायला छान, ११ इंच, पण लिहायला नाही. रेडमी पॅड प्रोला कंपनीचा पेन आहे, पण तो वेगळा विकत घ्यायचा, आणि टॅबच बजेटबाहेर.

उरतो सेकंडहँड गॅलॅक्सी टॅब एस६ लाइट. पेन खोक्यातच येतो, १०.४ इंच, मेमरी कार्ड बसतं, साध्या हेडफोनचं भोकही आहे. चार्जिंग मात्र मुंगीच्या पावलांनी, रात्री लावून झोपायचं. मी याच्यावरच लिहिते.

सफरचंदप्रेमी
आयपॅड नववी पिढी कशी विसरलात? २०२१ चा आहे, पण आजही लिहायला त्याच्यासारखा नाही.

मात्रा_अनुपान
विसरले नाही, मुद्दाम वगळला. जुनाही तिच्या पूर्ण बजेटात बसेल न बसेल, वर पेन्सिल वेगळी. स्वस्त कंपन्यांच्या पेन्सिली मिळतात, तळहातही सांभाळून घेतात, पण दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होत नाही. रचना काढायला तेवढंही पुरतं म्हणा. पण मेमरी कार्ड बसत नाही आणि ६४ जीबी स्कॅन केलेल्या पुस्तकांनी बघता बघता भरतं. हातात २५ असते तर तुमचंच ऐकलं असतं.

बेंझीनवाली
ताई, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. एस६ लाइटच्या जाहिराती बघितल्या तर भावात बराच फरक दिसतोय. नाव तेच, मग असं का? आणि सिमवाला घेऊ का?

जुना_बाजार
कारण एकाच नावाने तीनदा आलाय: २०२०, २०२२ आणि २०२४. विकणाऱ्यालाही बरेचदा पत्ता नसतो. सेटिंगमध्ये मॉडेल नंबर बघायचा. वायफायवाल्यात पी६१० म्हणजे २०२०, पी६१३ म्हणजे २०२२, पी६२० म्हणजे २०२४. पहिला अँड्रॉइड १३ वर थांबलाय. पी६१३ मिळाला तर उत्तम, पी६१० असेल तर भाव पाडून माग. रॅम तिन्हींत ४ जीबीचं मॉडेल सर्रास दिसतं, वाचन-लेखनाला चालतं.

सिम नको. फोनचा हॉटस्पॉट पुरतो, वाचलेल्या पैशांत कव्हर आणि कार्ड येईल. तरी सिमवालाच मिळाला तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या टॅबचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढ. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, आणि पाठव १४४२२ ला. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथेच कळतं.

विकणाऱ्याला त्याचं गूगल आणि सॅमसंग खातं तुझ्यासमोर काढायला लाव, मग रीसेट करून पुन्हा चालू करायला सांग. जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला तर तिथूनच राम राम. आणि कोचिंग क्लासने वाटलेले टॅब स्वस्तात विकायला येतात, त्यांना हात लावू नकोस. कित्येकांत क्लासचंच कुलूप असतं, रीसेट केलं तरी निघत नाही.

खटपट्या
बरं, लॅपटॉपचा हट्ट सोडला. पण बेंझीनवाली, तुला लहान भावंड आहे का? ओबीसी, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात असाल आणि नॉन-क्रिमीलेअर असेल, तर दहावीनंतर अकरावी सायन्सला महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचा अर्ज भरा. जेईई-नीट-सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि इंटरनेट डेटा मिळतो. दहावीच्या टक्क्यांची अट असते, त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा.

बेंझीनवाली
भाऊ यंदाच दहावीला आहे! दाखले आत्ताच काढून ठेवायला सांगते. दरम्यान साताऱ्याला एक पी६१३ सापडलाय, कव्हरसकट १४ सांगतोय. शनिवारी मैत्रिणीला घेऊन जातेय. फोटोत पेनाचं टोक झिजलेलं दिसतंय, ते चालेल का?

मात्रा_अनुपान
टोक बदलता येतं, चिमट्याने ओढलं की निघतं, नवी टोकं ऑनलाइन मिळतात. मात्र पेन नसेल तर घेऊ नकोस, वेगळा घ्यायचा तर चांगलाच महाग पडतो. तिथे गेल्यावर नोट्स उघड आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या रेघा अगदी सावकाश ओढ. रेघ कुठे तुटली किंवा लाटांसारखी आली तर स्क्रीनमध्ये गोम आहे. तळहात टेकवून चार ओळी लिहून बघ.

आणि तुझी सगळ्यात जड पीडीएफ फोनमधून त्यावर टाकून पाचपन्नास पानं पटापट उलटून बघ. स्कॅन केलेलं पुस्तक असेल तर थोडा अडखळणारच, ते चालतं. मी अशी पुस्तकं प्रकरणवार तोडून ठेवते.

जुना_बाजार
१४ सांगतोय म्हणजे साडेबाराला देईल. टोक झिजलंय हे आधी काढ, मग बोल.