रि: गणपती फंडातून शेळीवाटप, आटपाडी-माण

नमस्कार मंडळी,
गणपतीत जमलेल्या फंडातून आटपाडी आणि माण भागातल्या बायकांना शेळ्या घेऊन द्यायच्या असं कमिटीच्या मनात आहे. दुष्काळी भाग, घराला आधार होईल. रविवारच्या मीटिंगआधी मतं कळवा.
– खजिनदार

---

काका नमस्कार,
कल्पना चांगल्या मनाने आलीय पण माझा शेळ्या वाटायला विरोध आहे, का ते सांगते. माझं आजोळ आटपाडीजवळ, मामीचं आयुष्य शेळ्यांमागे गेलं. तिकडे डाळिंबाचा पैसा आला तर तो नवऱ्याच्या खात्यात, शेळी मात्र बाईची. पोराची फी भरायची असो की दवाखाना निघालेला असो, शनिवारी आटपाडीच्या बाजारात एक बोकड न्यायचा आणि रोख घेऊन यायचं, कुणापुढे हात पसरायला नको.

पण अडचण शेळी मिळत नाही ही नाहीये, ती जगवायची कशी ही आहे. पाऊस तिकडे मुळातच 500 मिमीच्या आसपास, महाबळेश्वरला 5000 च्या वर पडतो आणि माण त्याच सातारा जिल्ह्यात! कमी पावसाची त्या बायकांना सवय आहे हो, आता जीव जातो तो अवेळी पडतो म्हणून. परतीच्या पावसावर शाळू म्हणजे रब्बी ज्वारी पेरायची, फेब्रुवारी-मार्चला काढायची, आणि ऐन काढणीत अवकाळी आला की कणीस काळं पडतं आणि कडबा भिजतो. मामीने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, कडब्याच्या गंजीतून पेंढी उपसली तर आतून काळी, बुरशी धरलेली, शेळ्या वास घेऊन मागे सरत होत्या. म्हणजे उन्हाळ्याचा चारा मार्चमध्येच गेला. मग एप्रिल-मेमध्ये तीच बाई लांबून पाणी आणते, बाभळीचा-लिंबाचा पाला तोडते, दुसऱ्याच्या रानात रोजाने जाते आणि तरी नाहीच भागलं तर गाभण शेळी पडेल त्या भावाला विकून मोकळी होते. त्यात आपण अजून दोन दिल्या तर खाणारी तोंडं वाढली, चारा तेवढाच. वर बाजारातून आणलेलं जनावर पीपीआर हा शेळ्यांचा साथीचा रोग घेऊन आलं की दावणीची जुनीपण जातात.

दुष्काळात सरकारी चारा छावण्या असतात म्हणाल तर त्या गाई-म्हशींच्या. शेळ्या-मेंढ्यांसाठी छावण्यांचा निर्णय 2019 ला झाला तो मे महिन्यात, अर्धा उन्हाळा सरल्यावर. बाईचं जनावर नेहमी शेवटी.

तेव्हा माझं म्हणणं, कडब्याची गंज झाकायला चांगल्या जाड ताडपत्र्या, मुरघासाच्या (हिरवा चारा हवाबंद साठवायच्या) पिशव्या, पीपीआरची लस आणि पावसाळ्याआधी आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस यावर पैसे घाला. आणि आधी त्यांना विचारा. म्हसवडची माणदेशी महिला बँक माहितीय ना, चेतना गाला सिन्हांनी 1997 ला सुरू केली ती, पहिल्यांदा लायसन्स नाकारलं कारण बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तर त्या शिकल्या आणि परत जाऊन लायसन्स घेऊन आल्या. त्या मुलखातल्या बायका आहेत या, काय हवं ते हिशोबासकट सांगतील.

---

ताईंना पूर्ण अनुमोदन. मी पलूसकडचा. 2019 च्या मेमध्ये आटपाडीकडे छावण्या आणि ऑगस्टमध्ये आमच्याकडे कृष्णेचा महापूर, जिल्हा एकच, सांगली. वहिनींच्या दोन म्हशी गेल्या, धारा काढण्यापासून डेअरीला दूध घालण्यापर्यंत सगळं त्या करायच्या, पण गोठा दादाच्या नावावर म्हणून मदत त्याच्या खात्यात आली आणि गावच्या सोसायटीच्या कर्जाच्या थकबाकीत गेली. वहिनींना परत म्हैस घेता आली नाही. त्यामुळे ताडपत्री द्या नाहीतर लस, पावती आणि खातं बाईच्याच नावाचं पाहिजे, ही अट लेखी घाला.

---

दोघांचंही पटलं. शेळीखरेदीचं कोटेशन थांबवतो. ताई, एका घरच्या गंजीला ताडपत्री किती बाय किती लागते आणि तिकडे काय भाव आहे, मामींना विचारून शनिवारपर्यंत कळव. लसीचं डॉक्टरांशी मी बोलतो.
– खजिनदार