सर्व्हिस घेताना चेंडू उडतो : शालेय मुलींच्या संघासाठी सल्ला हवा

विज्ञानाच्या बाई यांचा प्रश्न

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका गावच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत स्वतंत्र क्रीडाशिक्षक नसल्यामुळे दोन वर्षांपासून सतरा वर्षांखालील मुलींचा व्हॉलीबॉल संघ माझ्याकडे आहे. महाविद्यालयात असताना मी थोडेफार खेळले होते, परंतु खेळणे आणि शिकवणे यांतले अंतर आता कळते आहे.

यंदा तालुका पातळीवर पहिल्याच सामन्यात आम्ही ११-२५, ९-२५ असे हरलो. प्रत्येक गुण कसा गेला याची खूण मी वहीत करत होते. रात्री घरी बसून मोजले, तेव्हा गेलेल्या ५० गुणांपैकी २७ गुण केवळ सर्व्हिस नीट घेता न आल्यामुळे गेल्याचे दिसले. समोरच्या मुलींच्या सर्व्हिसला फारसा जोर नव्हता. चेंडू न फिरता, हेलकावे खात यायचा आणि आमच्या मुलींच्या हातांवर आपटून कधी पंचांच्या शिडीकडे, तर कधी थेट नेटपलीकडे जायचा. दोघींच्या मधोमध पडलेल्या चेंडूकडे दोघीही नुसत्या पाहत राहिल्या, असेही चार-पाच वेळा झाले.

आमच्या गावात संध्याकाळी शूटिंगबॉल रंगतो आणि बहुतेक मुली भावांचा तो खेळ पाहूनच मैदानावर आल्या आहेत, त्यामुळे चेंडू दिसला की मुठीने ठोसण्याकडे त्यांचा ओढा असतो. अंडरहँडचा, म्हणजे हात जुळवून खालून चेंडू घेण्याचा, सराव आम्ही रोज वीस मिनिटे घेतो; जोड्या समोरासमोर उभ्या राहतात आणि त्यात पन्नास-पन्नास पास न चुकता होतात. मग सामन्यात हे सारे कुठे जाते? काही दिवस स्मॅशचा सराव पूर्ण थांबवून फक्त सर्व्हिस घेण्यावर भर द्यावा का?

जुना लिफ्टर

बाई, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्या वहीतच आहे, कारण गुण कसे गेले हे मोजणारे प्रशिक्षक मी फार कमी पाहिले आहेत. मी विद्यापीठाच्या संघात सेटर (म्हणजेच लिफ्टर, स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा) होतो, म्हणजे दुसऱ्यांनी घेतलेल्या सर्व्हिसमागे आयुष्यभर धावलेला माणूस आहे. तेव्हा या विषयावर जरा लांब लिहिले तर सांभाळून घ्यावे.

समोरासमोरच्या जोडीत चेंडू ज्या दिशेने येतो, त्याच दिशेने परत जातो. सामन्यात असे कधीच घडत नाही. तिथे चेंडू नऊ मीटर रुंदीच्या मैदानात समोरून कुठूनही येतो आणि तो द्यायचा असतो नेटजवळच्या सेटरला, म्हणजे दिशा बदलावी लागते. तुमच्या मुलींनी पन्नास पास केले ते बरोबरच आहेत, फक्त त्यांनी वेगळ्याच कौशल्याचा सराव केला आहे. यापुढे तिघींचा त्रिकोण करा : एकीने नेटपलीकडून चेंडू द्यावा, दुसरीने तो घ्यावा आणि तिसरीने सेटरच्या जागी उभे राहून झेलावा. पहिले काही दिवस सर्व्हिस मैदानाच्या आतून, नेटपासून पाच-सहा मीटरवरून हलकी करून घ्या आणि मग हळूहळू मागच्या रेषेपर्यंत जा.

हातांबद्दल सांगायचे, तर दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी, कोपरे ताठ आणि चेंडू मनगटाच्या वरच्या सपाट भागावर, एवढे पुरे. चेंडू उडण्याचे मुख्य कारण बहुधा हात झोकणे हे असते. शूटिंगबॉल पाहून आलेल्या मुलीला चेंडूला काहीतरी करावेसे वाटते, आणि इथे तर काही करायचेच नसते. येणाऱ्या सर्व्हिसला स्वतःचा वेग असतो. हातांनी फक्त कललेली फळी धरायची. चेंडू उजवीकडे द्यायचा असेल, तर डावा खांदा किंचित उंच व उजवा खाली घ्यावा, म्हणजे फळी आपोआप तिकडे वळते. मुलींना मी पत्र्यावरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्याची उपमा देतो. पत्रा ज्या बाजूला उतरता असेल, त्याच बाजूला पाणी जाते.

तुम्ही वर्णन केलेली सर्व्हिस ही फ्लोट सर्व्हिस आहे. फिरकी नसल्यामुळे चेंडूच्या दोन्ही बाजूंनी जाणारी हवा सारखी सुटत नाही आणि चेंडू शेवटच्या क्षणी सरकतो किंवा अचानक बुडतो. विज्ञानाच्या बाईंना हे अधिक सांगण्याची गरज नाही. त्यावर उपाय पायांत आहे. सर्व्हिस करणारीचा खांदा कोणत्या बाजूला वळला हे पाहून चेंडू नेट ओलांडण्याआधीच पहिले पाऊल पडले पाहिजे आणि हात त्यानंतर जुळले पाहिजेत. हात आधी जुळवून धावणारी मुलगी बदकासारखी डुलत जाते आणि हमखास उशिरा पोहोचते.

मधोमध पडणाऱ्या चेंडूसाठी आधीच ठरवून ठेवा की आखूड चेंडू पुढचीने घ्यायचा, खोल मागचीने, आणि ‘माझा’ ही हाक चेंडू नेटवर असतानाच द्यायची. जमिनीला टेकल्यावर दिलेली हाक ऐकायला मीही पुष्कळ वेळा उभा राहिलो आहे.

स्मॅशचा सराव मात्र महिनाभर बंद ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या वेळी पंधरा गुणांचा सेट असे आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे, त्यामुळे चांगली सर्व्हिस घेऊन रॅली जिंकली तरी फक्त सर्व्हिस हातात येई. १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला आणि सर्व्हिस घेण्याची किंमत एकदम वाढली.

शिट्टीवाला

मी काही वर्षे पंच म्हणून काम करतो आहे. शालेय सामन्यांत मुलींना स्वतःच्याच बाजूच्या मोठ्या माणसांकडून चुकीचे नियम शिकवले गेलेले दिसतात, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

संघाचा पहिला स्पर्श असेल आणि खेळण्याची कृती एकच असेल, तर चेंडू लागोपाठ दोन्ही हातांना किंवा हात आणि खांदा यांना लागला तरी तो दोष धरला जात नाही. चेंडू पकडणे किंवा अडवून फेकणे मात्र तेव्हाही चालत नाही. याचा अर्थ असा, की छातीच्या वर येणारी हळू सर्व्हिस बोटांनीही घेता येते. मुली ‘डबल’ची शिट्टी होईल या भीतीने मागे-मागे सरकतात आणि चेंडू डोक्यावरून निघून जातो.

दुसरी गोष्ट उभे राहण्याची. नंबरांच्या जागा म्हणजे मैदानावर आखलेल्या सहा खोल्या नव्हेत. सर्व्हिसवर हात पडतो त्या क्षणी सर्व्हिस घेणाऱ्या संघातील मुलींचा आपापल्या शेजारणीशी असलेला पुढे-मागे आणि डावे-उजवे हा क्रम तेवढा पाहिला जातो. समजा तुमची लिफ्टर चार नंबरवर, म्हणजे पुढच्या ओळीत डावीकडे, आली आहे. ती नेटलगत अगदी मध्यापर्यंत सरकून उभी राहू शकते. तीन नंबरची मुलगी तिच्या उजवीकडे आणि पाच नंबरची मागे असली म्हणजे झाले. हे समजले की लिफ्टरला सर्व्हिस घेण्यातून बाजूला ठेवून उरलेल्या पाच जणींना इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखे उभे करता येते, तीन पुढे आणि दोन मागे. शालेय पातळीवर मला तीच मांडणी सर्वांत भरवशाची वाटते.

गुडघ्याची पट्टी

मी कित्येक वर्षे लिबेरो म्हणून खेळले, म्हणजे सर्व्हिस घेणे हेच माझे काम होते. तरीही जुना लिफ्टर यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. दादा, महिनाभर स्मॅश बंद केला तर निम्म्या मुली मैदानावर यायच्याच बंद होतील. उडी मारून चेंडू हाणण्याच्या आनंदासाठी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घरची कामे आटोपून संध्याकाळी येत असते. शेवटची पंधरा मिनिटे स्मॅशला द्यावीत, मात्र अट अशी ठेवावी की सर्व्हिस नीट घेतली गेली तरच लिफ्टर पुढचा चेंडू उचलून देईल. मग मुली एकमेकींनाच ‘नीट घे’ म्हणून ओरडू लागतात.

बाई, आणखी एक करून पाहा. तुमच्या शाळेतला चेंडू तपासा. शाळांतून चेंडू दगडासारखे फुगवलेले असतात, त्यावर सराव करणाऱ्या मुलींचे हात लाल होतात आणि मग चेंडू आला की त्या नकळत हात आखडून घेतात. नियमाप्रमाणे चेंडूचा घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर आणि वजन २६० ते २८० ग्रॅम असते. हवा मोजण्याचे यंत्र नसले तरी शिंप्याचा टेप आणि किराणा दुकानातला काटा गावात मिळतोच. सुरुवातीला पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट घालू द्यावेत.

विज्ञानाच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे वाचून बारा दिवस सराव घेतला आणि मगच लिहायला बसले आहे.

टेप लावला तेव्हा आमच्या दोन्ही चेंडूंचा घेर ६८च्या पुढे निघाला. हवा कमी केली त्याच संध्याकाळी, कायम मागे सरकणारी आमची सर्वांत लहान खेळाडू प्रथमच चेंडूखाली थांबली. जोड्यांचा सराव बंद केला आहे. सेटरच्या जागी फक्कीने गोल आखून तिथे भाताच्या मळणीचे रिकामे टोपले ठेवले आहे. पहिल्या दिवशी ४० सर्व्हिसपैकी ६ चेंडू त्या गोलात पडले होते, काल १७ पडले. स्मॅशच्या बाबतीत मी ताईंचे ऐकले, लिफ्टर दादांनी रागावू नये.

पंचांना एक विचारायचे राहिले. आमची लिफ्टर एक नंबरवर, म्हणजे मागच्या ओळीत असते, तेव्हा सर्व्हिस होताच ती पुढे धावते आणि आमचा गोंधळ नेमका त्याच रोटेशनमध्ये, म्हणजे जागा बदलण्याच्या त्याच फेरीत, होतो. त्या वेळी तिने दोन नंबरच्या मुलीच्या मागे अगदी खेटून उभे राहिले तर चालते का?

शिट्टीवाला

चालते. दोन नंबरच्या मुलीच्या एका पावलाचा थोडा तरी भाग लिफ्टरच्या पुढच्या पावलापेक्षा मधल्या रेषेच्या जवळ असावा आणि लिफ्टर सहा नंबरच्या मुलीच्या उजवीकडे असावी. धाव मात्र सर्व्हिसवर हात पडल्यानंतरच सुरू करायला सांगा. मुली शिट्टी ऐकूनच पळत सुटतात आणि दोष तिथे होतो.