मदत हवी आहे: सोमवारी रान तुटतंय, बेहड्यावर धनेशाची ढोली आहे

ढोलीवाला:
वेळ नाही, थोडक्यात लिहितो. संगमेश्वर तालुक्यात एका संस्थेत वन्यजीव अभ्यासक म्हणून आहे. काम म्हणजे खाजगी रानांच्या मालकांना भेटत राहायचं आणि रान राखायला पटवायचं. एक काका आहेत, दोन वर्षं त्यांच्या पडवीत चहा पितोय. धनेश पक्ष्याची ढोली सापडली तेव्हा कोयता घेऊन वाट त्यांनीच साफ करून दिली होती. काल कळलं की त्यांनी सगळं रान ठोक विकलंय. इसारही घेतलाय, सोमवारी कटर लागणार. बोलायला गेलो तर म्हणाले, "तू पगारी माणूस, तुझं काय जातंय?"
कायद्याने थांबवता येईल का? की पैसे देऊन? उपदेश नको, उपाय सांगा.

घाटमाथा:
कुठला धनेश? मादी आत बसली आहे का? रान किती एकर? तोडीची परवानगी काढली आहे का?

ढोलीवाला:
मलबारी कवड्या, गावात ककणेर म्हणतात. झाड जुना बेहडा, दोघांच्या कवेत मावत नाही. बाकी तपशिलाने काय फरक पडतो?

घाटमाथा:
पडतो म्हणूनच विचारलं. फेब्रुवारी चालू आहे. मादीने आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेतलं असेल तर ती स्वतःहून उडून जाणार नाही, झाडाबरोबर खाली येईल. नर फटीतून चारतो त्यावरच ती आणि पिल्लं जगतात. उलट मेअखेरपर्यंत जरी तोड पुढे गेली तरी निदान यंदाचं घरटं वाचतं. आणि धनेश स्वतः ढोली कोरत नाही. तयार मिळाली तरच घर, मग वर्षानुवर्षं तीच. म्हणून आधी ढोली बघून या.

कलम_नऊ:
एवढा विचार कशाला? वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ वाचा. शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी, घरटी यांना त्रास देणंही येतं आणि कलम ९ खाली शिकारीला बंदी आहे. वनपालाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

खोताचा_नातू:
पोच घ्या आणि लगेच गाव सोडा. पुढच्या वर्षी कुणाच्या रानात ढोली दिसली तर तो आधी झाड पाडेल आणि मग तुम्हाला चहाला बोलावेल. आमच्याकडे "वन" म्हटलं की लोकांना ३० ऑगस्ट १९७५ आठवतो, खाजगी वनं सरकारजमा झाली तो दिवस. आमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात "खाजगी वन" असा शेरा बसला. तो काढायला आजोबांनी किती खेटे घातले! आजोबा गेले, शेरा तिथेच आहे.

कलम_नऊ:
गोदरेज प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की खाजगी वनाची नोटीस नुसती काढली आणि मालकावर बजावलीच नाही, तर जमीन आपोआप खाजगी वन ठरत नाही. तुम्ही दाद मागू शकता.

खोताचा_नातू:
गोदरेजला वकील परवडतो हो.

ढोलीवाला:
कृपया माझ्या प्रश्नावर बोला. आज शुक्रवार आहे.

हिरवा_पुणेकर:
सामुदायिक राखीव क्षेत्र हा यावरचा कायमचा उपाय आहे. वन्यजीव कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीपासून खाजगी जमिनीवरही करता येतं. मी यावर एक सादरीकरण केलं होतं, हवं तर पाठवतो.

घाटमाथा:
सोमवारपर्यंत? शिवाय एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता लागते. उद्या काजू लावावासा वाटला तर मंत्रालयाकडे बघत बसायचं, हे माहीत असणारा मालक सही करेल का?

हिरवा_पुणेकर:
मग फळं विका. भीमाशंकरच्या बाजूला हिरडा-बेहडा गोळा करणाऱ्यांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळालं आहे, म्हणजे रानातला माल झाडं राखून गोळा केल्याचं. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने ते काम केलं, संगमेश्वरातही त्यांनी मालकांशी संवर्धनाचे करार केलेत. झाड उभं ठेवून पैसे मिळतात हे मालकाला दिसलं पाहिजे.

खोताचा_नातू:
दिसेल, पण बेहडे चांगले डझनभर असले तर. एका झाडाच्या फळांत कटरवाल्याचा इसार फिटत नाही.

लेन्सवाला:
सर, लोकेशन मिळेल का? ५०० मिमीची लेन्स नवीन घेतली आहे. लांबूनच काढेन.

घाटमाथा:
देऊ नका! ढोलीसमोर माणूस उभा असेल तर नर चोचीतलं फळ घेऊन तासभर लांबच्या फांदीवर बसून राहतो. आत मादी उपाशी. लेन्स शिमग्याच्या पालखीवर वापरा.

सुमनताई:
मी पक्ष्यातली नाही, पण मला एक कळत नाही. त्या काकांना पैसे कशाला हवे आहेत? एवढं लिहिलंत, ते कुठेच नाही.

ढोलीवाला:
विचारलं नाही. ते काही सांगायच्या मनःस्थितीत नव्हते. तशी जमीन त्यांच्या एकट्याची नाही. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, बाकीचे मुंबईला. पण वहिवाट काकांचीच, त्यामुळे त्याचा इथे संबंध नाही.

कलम_नऊ:
संबंध नाही?? अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! सामायिक जमिनीतली झाडं एकाने परस्पर कशी विकली? आणि १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा, खैर येतात. बेहडा येत नाही, पण कोकणातल्या रानात ऐन-किंजळ असणारच. परवानगीच्या अर्जाबरोबर हिस्सेदारांची संमती आहे का बघा. मुंबईच्या एका हिस्सेदाराला फोन केलात तरी सोमवार टळेल.

सुमनताई:
आणि भाऊबंदकी लागेल ती? दोन वर्षं ज्यांच्या घरचा चहा प्यायला, त्यांच्या पुतण्यांना ह्यांनी पाठीमागून फोन करायचा?

खोताचा_नातू:
ताईंशी सहमत. पण फोन काकांनाच करायला सांगा. शिमग्याला चाकरमानी येतातच, "सगळे आले की ठरवू" एवढं म्हटलं तरी व्यापाऱ्याला थांबावं लागतं. त्यात काकांचीही लाज राखली जाते.

कलम_नऊ:
भावनेवर रान टिकत नाही.

खोताचा_नातू:
रान आमच्या बापजाद्यांनी राखलं म्हणूनच तुम्हाला कलम लावायला शिल्लक आहे.

ढोलीवाला:
परत आलो. रविवार संध्याकाळ. सकाळी लांबून ढोली बघितली. लिंपण ओलं आहे, नर नांद्रुकाची फळं आणून देत होता. मादी आत आहे.
मग काकांकडे गेलो आणि ताई म्हणाल्या ते विचारलं. काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन आणि घराच्या वाशांना लागलेली वाळवी. पावसाच्या आत वासे बदलायचेत. रानात सागाचे सोट आहेत, पण परवानगीच्या फेऱ्यांपेक्षा ठोक विकणं सोपं वाटलं, असं म्हणाले. परवानगी व्यापारी काढतो म्हणाला होता, कागद कुणीच बघितलेला नाही. पुतण्याला फोन काकांनीच लावला. तो शिमग्याला येईपर्यंत कटर येणार नाही. व्यापाऱ्याला बेहड्याचं फार काही नव्हतं, त्या लाकडाची खोकीच होतात. त्याची नजर ऐन-किंजळावर आहे.
आता काका म्हणतात, बेहडा आणि त्याच्या भोवतीचं रान ठेवतो, वरचा तुकडा देतो. मी हो म्हणू का?

घाटमाथा:
भोवतीचं म्हणजे किती, ते आत्ताच पावलांनी मोजून घ्या. उघड्यावर एकटा राहिलेला जुना बेहडा वाऱ्यात उन्मळतो. आणि नांद्रुक, उंबर, वड वरच्या तुकड्यात असतील तर तेही मागून घ्या. नर फळं आणणार कुठून?

ढोलीवाला:
नांद्रुक वरच्याच तुकड्यात आहे. बोलतो. संस्था वाशांसाठी काही देईल का ते उद्या विचारणार आहे. काका म्हणतात, जे ठरेल ते कागदावर लिहू. कुणाकडे नमुना आहे का?

हिरवा_पुणेकर:
माझ्याकडे बावीस पानी मसुदा आहे.

खोताचा_नातू:
एक पान. कुठली झाडं, किती वर्षं, कोण काय देणार, खाली अकरा सह्या. आणि "वन" हा शब्द त्यात कुठेही नको.