वेग स्थिर असूनही
वेग सतत वाढत जातो म्हणून मोबाइलवरचे, हरेपर्यंत चालूच राहणारे ‘न संपणारे’ खेळ सुटत नाहीत, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. ‘टेंपल रन’ (२०११) किंवा ‘सबवे सर्फर्स’ (२०१२) यांना ते लागू पडते. परंतु २०१३ मध्ये आलेल्या ‘फ्लॅपी बर्ड’मध्ये, जिथे पडद्यावर टिचकी मारत एका पक्ष्याला वरच्या-खालच्या नळांमधून उडवत न्यायचे असते, वेग शेवटपर्यंत तोच राहतो, दोन नळांमधील फटही तेवढीच असते, फक्त तिची उंची बदलते. (माझी मजल चौथ्या नळापुढे क्वचितच गेली.) तरीही लोकांना व्यसन लागल्याचे कारण देऊन त्याचे व्हिएतनामी निर्माते दोंग न्युयेन यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये तो स्वतःच मागे घेतला.

माझ्या मते खरी मेख एका बोटात भागण्यात आणि हरताक्षणी पुन्हा सुरू करता येण्यात आहे. जळगाव जिल्ह्यात रावेरकडे आमच्या बागेत केळीची कापणी आटोपून ट्रकची वाट पाहताना एक तरुण मजूर चिकाने काळे पडलेले हात तसेच ठेवतो, फक्त उजवा अंगठा पॅन्टला पुसतो आणि त्यावरच खेळ चालवतो. ट्रकचा भोंगा वाजला की तो डाव अर्ध्यावर टाकून निघतो, कारण गमावण्यासारखे त्यात काही साठलेलेच नसते.