मदत हवी आहे: मीटला रांगेत उभी राहिली की एमएक्स-५ तापते

लाल_रोडस्टर
रविवारी मीट आहे, म्हणजे गाडीवाल्यांचा मेळावा, आणि माझी माझदाची एमएक्स-५ (दोन सीटची उघड्या छताची गाडी) तापतेय. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

हायवेला काहीही त्रास नाही. तापमानाचा काटा निम्म्याच्या जरा खाली, तिथून हलत नाही. पण मीटच्या गेटला रांग लागली, गाड्या इंचाइंचाने सरकायला लागल्या की काटा चढतो आणि पार ‘एच’पाशी, म्हणजे गरमच्या टोकाला, जातो. मागच्या मीटला रांगेतून बाहेर काढून बंद करावी लागली. बॉनेट उघडलं तर ओव्हरफ्लोच्या बाटलीत बुडबुडे. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलंय, हेड उतरवू. मला उगाच हेड उतरवायचं नाही. कूलंट नवीन आहे, रेडिएटर ठीक आहे. काय असेल?

टॉर्क_पाना
साल कोणतं? इंजिन १.६ लिटर की १.८? एमएक्स-५ म्हटलं तर चार पिढ्या झाल्यात. आणि मुख्य प्रश्न: काटा वर गेला तेव्हा पंखा फिरत होता का?

जुना_चालक
थर्मोस्टॅट, कूलंट अडवणारी ती झडप, काढून टाका. पाणी मोकळं फिरलं पाहिजे. आम्ही सगळ्या गाड्यांचे काढायचो, एकही तापली नाही.

मिडइंजिन
हवा अडकली आहे. शंभर टक्के. माझी टोयोटाची जुनी एमआर-२ (एडब्ल्यू-११) आहे, इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे पाइप गाडीभर लांब. कूलंट बदलल्यावर हवा नीट काढली नाही तर असंच होतं. गाडीचं नाक वर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा आणि वरचा होज दाबत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत. कूलंट नवीन आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे तेव्हाच हवा शिरली.

लाल_रोडस्टर
एनए आहे, म्हणजे पहिली पिढी, वर येणाऱ्या पॉप-अप दिव्यांची. पंखा बघितला नाही हो, मागे गाड्यांची रांग होती. हवा काढलेली आहे.

चौथा_सिलिंडर
एनए असेल तर खरं कारण वेगळंच आहे आणि ते कोणी सांगत नाही. हे बी-६ इंजिन मुळात माझदाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ३२३ साठी आडवं बसवायला केलेलं. रोडस्टरमध्ये ते उभं बसवलं. मूळ मांडणीत कूलंट एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. इथे पंपही पुढे आणि थर्मोस्टॅटही पुढे. मग मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरपाशी प्रवाह कमी राहतो आणि तो बाकीच्यांपेक्षा गरम चालतो. उपाय एकच, कूलंट रीरूट. थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या बाजूला न्या. मी केलं, आता घाटात दणकून चालवली तरी फरक पडत नाही.

टॉर्क_पाना
चौथा_सिलिंडर, तुम्ही म्हणता ते इंजिनापुरतं बरोबर आहे. पण ते ट्रॅकवर जाणाऱ्याने किंवा टर्बो बसवणाऱ्याने करायचं काम आहे. या गाडीला हायवेवर, म्हणजे जिथे उष्णता जास्त तयार होते तिथे, काही होत नाही. उभी राहिली की तापते. रीरूटने उभ्या गाडीच्या रेडिएटरमधून वारा जाणार नाही.

लाल_रोडस्टर, हा फरक नीट लक्षात घ्या. धावताना थंड आणि उभी असताना गरम, तर शंका आधी हवेवर, म्हणजे पंख्यावर. उलट असतं, उभी ठीक आणि वेगात गरम, तर रेडिएटर तुंबलाय का, पंप ठीक आहे का, खालचा प्लॅस्टिकचा पत्रा निघालाय का हे बघितलं असतं. तो खालचा पत्रा पुष्कळ जण काढून फेकतात. तो नसला की समोरून आलेली हवा रेडिएटरमधून न जाता खालून निघून जाते.

आणि जुना_चालक, थर्मोस्टॅट काढू नका, कुणालाही सांगू नका. इंजिनाला ठरलेल्या तापमानावर चालायचं असतं. कायम थंड राहिलं तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल देत राहतो आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं. शिवाय पंखाच लागत नसेल तर थर्मोस्टॅट असो वा नसो, रांगेत तापणारच.

जुना_चालक
आमच्या गाड्या वर्षानुवर्षं तशाच चालल्या. कागदावरची गणितं मला सांगू नका.

टॉर्क_पाना
तुमच्या गाड्यांना कार्ब्युरेटर असेल आणि पंखा पट्ट्यावर फिरत असेल. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. इथे पंखा विजेवर आहे आणि त्याला कुणीतरी ‘आता लाग’ असं सांगावं लागतं. गाडी बदलली की निदानही बदलतं.

लाल_रोडस्टर
मग करू काय? वाद नंतर घाला.

टॉर्क_पाना
एसी लावा. या गाडीत एसी चालू केला की पंखे लागायला हवेत. लागतात का ते सांगा.

लाल_रोडस्टर
एसी नाहीये. आधीच्या मालकाने वजन कमी करायला सगळं काढून टाकलं, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, त्याचा पंखा, सगळं.

टॉर्क_पाना
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! म्हणजे दोनातला एकच पंखा उरलाय आणि तो लागला नाही तर मदतीला दुसरा कोणी नाही. साल अजून सांगितलं नाहीत.

लाल_रोडस्टर
१९९१. १.६.

की_वे
१९९१ असेल तर तापण्याचं राहू द्या, आधी क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा, बघा. सुरुवातीच्या १.६ ला क्रँकचं नाक आखूड होतं, पुलीचा बोल्ट सैल राहिला की की-वे (पुलीची चावी बसते ती चर) झिजतो आणि क्रँक वाया जाते. पुढच्या पुलीला खाचा किती आहेत ते मोजा. ४ असतील तर आखूड नाकाची, ८ असतील तर नंतरची सुधारलेली. टायमिंग बेल्ट बदलताना बोल्ट बरोबर टॉर्कला घट्ट केलाय ना, हे बघायलाच हवं. मी या गाडीवाल्या प्रत्येकाला हे सांगतो.

लाल_रोडस्टर
८ खाचा आहेत. पण माझा प्रश्न तो नाहीये.

उघडं_छत
तुमचं सॉफ्ट टॉप कसं आहे? एनए असेल तर एक सांगते, छत खाली करायच्या आधी मागच्या खिडकीची चेन उघडून प्लॅस्टिक सपाट खाली ठेवायचं. मीटला जो तो एका झटक्यात छत मागे टाकतो आणि खिडकीला मधोमध आडवी घडी पडते. थंडीत तर प्लॅस्टिक कडक होऊन तिथेच चिरतं. आणि छताच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी जायची भोकं आहेत. ती पानांनी, धुळीने बुजली की पाणी सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात, साठतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग चकचकीत दिसतो, खाली मात्र बोट आत जाईल अशी अवस्था. मीटला सगळे इंजिन बघतात, मी गाडी पाहिली की आधी मागच्या चाकापुढचा सिल बघते.

लाल_रोडस्टर
ताई, छत ठीक आहे. गाडी तापतेय.

टॉर्क_पाना
शांतपणे हे करा. इंजिन थंड असताना. बॉनेट उघडा, फेंडरच्या बाजूला झाकणाचा छोटा काळा डबा आहे, डायग्नोसिसचा. झाकणाच्या आतल्या बाजूला पिनांची नावं छापलेली असतात. त्यात टीएफए आणि जीएनडी शोधा. दोन्हींमध्ये एक वायरचा तुकडा घाला आणि किल्ली चालूवर फिरवा, इंजिन सुरू करू नका. पंखा लगेच लागला पाहिजे. पिना नीट वाचून घाला, शेजारच्या पिनेत चुकून घालू नका.

लागला तर मोटर, रिले, फ्यूज, वायरिंग ठीक आणि दोष थर्मोस्टॅट हाउसिंगवरच्या पंख्याच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या जोडणीत. नाही लागला तर फ्यूज, मग रिले, मग मोटरला थेट बारा व्होल्ट. हाच क्रम.

आणि रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा रंग कोणता?

चौथा_सिलिंडर
स्विच बदलून तात्पुरतं भागेल. मूळ दोष तसाच राहील. हेड वाकलं की माझी आठवण काढाल.

मिडइंजिन
हवा काढली म्हणजे कशी काढली? नाक वर केलं होतं का? सपाट जमिनीवर करून उपयोग नाही.

मूळ_रूपात
थोडं वेगळं बोलतो. ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांसमोर आली आणि हलकी, साधी, दोन माणसांची गाडी अजून बनू शकते हे तिने दाखवून दिलं. जपानी कंपनीने केलेल्या विचाराचा वाटा त्यात मोठा आहे. तिच्यातून एसी काढणं, कूलंटची वाट बदलणं, मोठा रेडिएटर घालणं, याने गाडी गाडी राहत नाही. मीटला बारा गाड्या ओळीत उभ्या असतात आणि कारखान्यातून निघाली तशी एकही नसते.

चौथा_सिलिंडर
गाडी चालवायला आहे. संग्रहालयात ठेवायची असेल तर तुम्ही ठेवा.

मूळ_रूपात
चालवायला आहे म्हणूनच म्हणतोय. मूळ पंखा, मूळ स्विच, मूळ झाकण चांगल्या स्थितीत असेल तर या गाडीला कुठल्याही रांगेत त्रास होत नाही. माझी उभी राहते. झाकण सुद्धा बघा. दाब धरणारं झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर सुकलं की दाब सुटतो आणि आधीच उकळी येते. बाटलीतले बुडबुडे त्याचेही असू शकतात, लगेच हेड गॅस्केटवर जायची गरज नाही.

टॉर्क_पाना
हे अगदी बरोबर. हेड गॅस्केटची शंकाच असेल तर निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर ती नळी धरायची, ज्वलनाचा वायू येत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. त्याआधी हेडला हात लावू देऊ नका. आणि गरम असताना झाकण उघडू नका, मीटच्या घाईत तर नाहीच. हात भाजलेले लोक मी पाहिलेत.

लाल_रोडस्टर
वायर घातली. पंखा लागला! एकदम जोरात. टाकीचा रंग खाकी-हिरवट झालाय, मला वाटलं तसाच असतो.

टॉर्क_पाना
नवी असते तेव्हा काळी असते. खाकी झाली म्हणजे प्लॅस्टिक ठिसूळ झालंय आणि एक दिवस वरून तडकेल. रविवारसाठी नाही, पण लवकर बदला.

आता स्विच. जोडणी ओढून बघा, आत हिरवं काही साचलंय का. मग स्विच काढा. पातेल्यात पाणी घ्या, स्विचचं पितळी टोक पाण्यात बुडेल असा तारेने लटकवा, तळाला टेकू देऊ नका. सोबत थर्मामीटर. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक पिनेला, एक स्विचच्या धातूला. ९७ च्या आसपास बीप आला पाहिजे. पाणी निवलं की बीप थांबला पाहिजे.

पॉपअप_वर
मीटला जाणार आहात तर एक टीप. डॅशबोर्डवर वेगळं बटण आहे, त्याने दिवे न पेटवता पॉप-अप वर येतात. दिवसभर वर ठेवले तरी बॅटरी जात नाही. आणि मोटर अडकली तर बॉनेटखाली मोटरवर रबरी टोपी आहे, ती काढून खालची नॉब हाताने फिरवायची.

रांगेतला
तापण्याबद्दल माझं एकच म्हणणं. मीटला उभ्या गाडीचं इंजिन लिमिटरवर, म्हणजे पार कमाल फेऱ्यांपर्यंत, आपटत बसू नका. गाडी जागेवर, समोरून वारा शून्य, आणि लोक फोन घेऊन घेरा घालून उभे. ज्यांची तापते त्यातल्या निम्म्यांची अशीच तापते. शिवाय त्या आवाजामुळे आणि बाहेर पडताना टायर जाळण्यामुळेच जागेचे मालक पुढच्या वेळी नाही म्हणतात. जागा एकदा गेली की परत मिळत नाही.

लाल_रोडस्टर
मी रेस करत नाही. रांगेत न्यूट्रलला होतो.

रांगेतला
तुम्हाला म्हटलं नाही. पण या धाग्यावर ते यायला हवं होतं.

लाल_रोडस्टर
स्विच पातेल्यात लटकवला. पाणी खळखळ उकळलं, थर्मामीटर १०० ला, मल्टिमीटर गप्प. टोक घासून परत लावून बघितलं, तरी गप्प. जोडणीच्या रबरात हिरवी पूड होती ती साफ केली. नवा स्विच आणला, तोही बसवायच्या आधी पातेल्यात टाकला. काटा ९६-९७ ला आला आणि बीप! गॅस बंद केल्यावर थोड्या वेळाने बीप थांबला.

टॉर्क_पाना
झालं. ओ-रिंग नवी घाला, स्विच काढताना सांडलं तेवढं कूलंट भरा, हवा काढा. मग बॉनेट बंद करून न्यूट्रलला उभी ठेवा आणि पंखा लागून बंद झाल्याचा आवाज ऐका. एकदा ऐकून थांबू नका, पुन्हा लागू द्या.

मिडइंजिन
हवा काढताना नाक वर!

लाल_रोडस्टर
नाक वर करून काढली. खरंच बरेच बुडबुडे आले, मिडइंजिनभाऊ. उभी ठेवली, पंखा लागतो, बंद होतो, परत लागतो. काटा निम्म्याला आहे, पुढे जात नाही. निळ्या द्रवाची चाचणीही करून घेतली, निळाच राहिला. मेकॅनिकला सांगितलं हेड नको. टॉर्क_पाना काका, खूप आभार. रविवारी जातोय.

चौथा_सिलिंडर
रेडिएटर बदलायला काढाल तेव्हा सिस्टीम रिकामीच असेल. त्याच वेळी रीरूट करून टाका. मी मापं पाठवतो.

१८चा_नवखा
माझी १९९४ ची १.८ आहे, एसी आहे पण गॅस नाही. एसीचं बटण दाबलं तर पंखा लागत नाही. म्हणजे माझाही पंखा गेला का?

टॉर्क_पाना
त्यावरून कळणार नाही. गॅस नसला की दाबाचा स्विच एसीला चालूच होऊ देत नाही, मग पंख्यालाही सांगावा जात नाही. तुम्हीही टीएफए आणि जीएनडी जोडून बघा. आणि पंखा लागतो की नाही एवढंच लिहू नका, तुमच्या गाडीतून काय काय काढलंय तेही आधीच लिहा.