लहान मुलांच्या कपड्यांचा कस्टम्स कोड: ८६ सेंटीमीटरची रेघ हवी का?

पेठकर:
लक्ष्मी रोडला आमचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे, थोडा माल चीनहून येतो. गेल्या खेपेत होजिअरीचे एकाच डिझाइनचे फ्रॉक होते. टॅगवर फक्त वय: १२-१८ महिने, १८-२४ महिने, २-३ वर्षं. सगळे कस्टम्स कोडच्या ६१११ या हेडिंगखाली, म्हणजे बाळांचे निटेड (विणीचे) कपडे म्हणून दाखवले. बंदरावर कस्टम्सची क्वेरी निघाली. टॅरिफच्या, म्हणजे आयात शुल्काच्या यादीच्या, ६१व्या प्रकरणातली टीप सांगते की बाळाचे कपडे म्हणजे ८६ सेंमीपर्यंत उंचीच्या मुलांचे. त्यापुढचा तोच फ्रॉक ६१०४ मध्ये, बायका-मुलींच्या फ्रॉकबरोबर. माल अडकला, डिमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) भरलं आणि ऐन दिवाळीची गिऱ्हाइकी गेली.

कापड तेच, शिलाई तीच, मग कोड दोन कशाला? दुकानात आई 'दीड वर्षाच्या मुलीला दाखवा' म्हणते. सेंटीमीटर आजवर एकीनेही सांगितले नाहीत. माझं स्पष्ट मत आहे, लहान मुलांचे सगळे कपडे एकाच हेडिंगखाली आणा.

उरणचा ब्रोकर:
साफ असहमत. नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं, पण वय हे माप नव्हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलीची मध्यम उंची साधारण ८६ सेंमी आहे, पण त्याच वयाची निरोगी मुलगी ८० ची असते आणि ९२ चीही असते. मग '१८-२४ महिने' वाचून अधिकाऱ्याने काय ठरवायचं?

आणि आठ आकडी कोडचे पहिले सहा आकडे दिल्लीत ठरत नाहीत. ते जागतिक सीमाशुल्क संघटनेचे, आपल्या हातात फक्त शेवटचे दोन. शिवाय २०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे, बिल ऑफ एंट्रीत (आयात मालाच्या कस्टम्सला द्यायच्या कागदात) कोड बरोबर टाकणं ही आयातदाराची जबाबदारी. युरोपच्या मालावर ८०, ८६, ९२ असे उंचीचेच साइझ असतात. पुरवठादाराकडून तसा टॅग मागा, पॅकिंग लिस्टमध्ये ८६ पर्यंतचे नग वेगळ्या ओळीत लिहून घ्या. तरी शंका असेल तर माल मागवण्याआधी कोणता कोड लागेल ते आधीच सांगणाऱ्या मुंबईच्या अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

पेठकर:
तुमचं लिहिणं वाचून काउंटरवर टेप काढली आणि मधल्या साइझचा फ्रॉक मोजला. खांद्यापासून घेरापर्यंत ४६ सेंमी. यातून मुलीची उंची कशी काढायची ते सांगा. उंची मुलीला असते, फ्रॉकला नसते.

उरणचा ब्रोकर:
म्हणूनच कारखान्याचा साइझ चार्ट लागतो. तो कागद फाइलला असता तर तुमची क्वेरी एका उत्तरात सुटली असती.

हडपसर युनिट:
माझं बारा मशीनचं युनिट आहे, लहान मुलांचेच कपडे शिवतो. पेठकर, सगळं एका हेडिंगखाली आणायला माझा ठाम विरोध. २०१८ मध्ये टॅरिफमधल्या शेकडो कापड-कपड्यांच्या ओळींवरचं आयात शुल्क १० वरून २० टक्के झालं. कितीतरी ओळींवर तर 'टक्केवारी किंवा नगामागे ठरावीक रुपये, जे जास्त ते' असा दर आहे. बिलात किंमत कमी दाखवून आलेला माल त्या नगामागच्या दरातच पकडला जातो. तो दर लागणार की नाही, हे कोडवर ठरतं. रेघा पुसल्या की पहिली पळवाट तिथेच निघणार, आणि माझ्याकडच्या बायकांचं काम जाणार. बांगलादेशी तयार कपडे २०११ पासून बिनशुल्क येतायत. मे २०२५ मध्ये त्यांना जमिनीचा रस्ता बंद झाला, आता फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदर. तेवढ्यानेही आम्हाला फरक पडला.

बाणेरची आई:
मी फक्त गिऱ्हाईक म्हणून लिहितेय. माझी मुलगी वीस महिन्यांची आणि उंची ८८ सेंमी. '१८-२४' चा फ्रॉक दरवेळी बदलायला नेते. कस्टम्समुळे का होईना, टॅगवर सेंटीमीटर येणार असतील तर मला हवेच आहेत.

पेठकर:
ताई, हे पटलं. पुढच्या ऑर्डरला सेंटीमीटर छापून घेतो. हडपसर, तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये, माझ्याकडे निम्मा माल पुण्याचाच असतो. पण सेटचं काय? मुलग्याच्या टी-शर्ट आणि हाफ पँटचा जोड ८६ च्या आत असेल तर अख्खा ६१११. तोच ९२ चा झाला की टी-शर्ट ६१०९ मध्ये, पँट ६१०३ मध्ये. एका हँगरवरचा, एका किमतीचा जोड, आणि मी त्याची किंमत दोन ठिकाणी फोडून दाखवायची. यात कुणाच्या धंद्याचं रक्षण होतं?

उरणचा ब्रोकर:
सेटच्या बाबतीत तुमची तक्रार रास्त आहे. नियम तसाच आहे, आणि किंमत फोडतानाच सगळ्यात जास्त वाद होतात. कारखान्याकडून दोन्ही नगांची किंमत बिलातच वेगळी लिहून घ्या, आपल्या अंदाजाने फोडू नका.

हडपसर युनिट:
सेटची सोय करा, मी अडवणार नाही. ८६ ची रेघ मात्र राहू द्या.